बारा वर्षांचे श्रम आणि जत्रेची पहाट

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या गावाचा इतिहास लिहिला. बारा वर्षे त्यांनी जुन्या वाड्यांतले कागदपत्रांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडवले, मोडी शिकून कागद बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवले, पाटीलकीच्या वतनावरून दोन भावांच्या घराण्यांत पेशवाईत चाललेल्या तंट्याचा निवाडा शोधून काढला, वयस्क बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि हे सारे स्वखर्चाने छापले. पुढे एक नामवंत कादंबरीकार त्यांच्या घरी आले. शिक्षिकेने त्यांना पुस्तक दिलेच, शिवाय अजून न छापलेल्या लिप्यंतरांच्या वहीची झेरॉक्सही दिली. दीड वर्षाने आलेल्या कादंबरीत तोच तंटा, त्याच तारखा आणि त्याच ओव्या आहेत. ऋणनिर्देशात शिक्षिकेचे नाव नाही. प्रकाशकांनी कळवले, 'इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो.' मुलगा म्हणतो, सोडून दे. गावकरी म्हणतात, पोलिसांत जा. पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: 'जत्रेच्या पहाटेचे वर्णन माझ्या पुस्तकातून चार परिच्छेद जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहे, पण ती किरकोळ बाब आहे.'

नमस्कार बाई,

ज्या बाबीला तुम्ही किरकोळ म्हटले आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण हे प्रकरण उद्या न्यायालयात गेलेच, तर न्यायाधीशांची नजर सर्वांत जास्त वेळ त्या चार परिच्छेदांवर राहील. वतनाच्या तंट्याचा शोध, निवाड्याची तारीख, दोन घराण्यांची वंशावळ, म्हणजे ज्यासाठी तुम्ही बारा वर्षे घालवली ते सारे, कॉपीराइटच्या दृष्टीने बहुतांशी मोकळे आहे. आणि जत्रेच्या पहाटेचे जे वर्णन तुम्ही कदाचित एका बैठकीत लिहून टाकले असेल, ते मात्र निःसंशय तुमचे आहे. हे वाचताना अन्याय झाल्यासारखे वाटेल, याची मला कल्पना आहे. पण हा उलटा क्रम का लागतो हे समजल्याशिवाय नोटीस पाठवायची की नाही, याचा निर्णय नीट होणार नाही.

तुमच्या पत्रात कष्टांचा उल्लेख वारंवार येतो आणि त्यामागे एक गृहीतक आहे: ज्याचे श्रम, त्याची मालकी. हे गृहीतक केवळ तुमचे नाही. केवळ श्रम आणि खर्च केला म्हणून संरक्षण द्यावे, असे मानणारे न्यायालयीन निर्णय इंग्लंडमध्ये होते आणि आपल्याकडेही होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात ती वाट सोडली. ही कंपनी न्यायनिर्णयांचे संपादित खंड छापते, आणि त्यातील मजकूर दुसऱ्यांनी आपल्या सीडीमध्ये वापरला, अशी तिची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. त्यातील मुद्रणदोष सुधारणे किंवा संदर्भ पूर्ण करणे हे श्रमाचे काम असले, तरी तेवढ्याने नवी साहित्यकृती निर्माण होत नाही. मात्र सलग मजकुराचे परिच्छेद कोठे पाडायचे आणि कोणत्या न्यायमूर्तींचे मत सहमतीचे व कोणाचे भिन्न आहे हे ठरवायला कायद्याचे ज्ञान आणि स्वतःचा विवेक लागतो, म्हणून त्या भागाला संरक्षण मिळाले. थोडक्यात, न्यायालय घाम मोजत नाही. लेखकाने कोठे स्वतःची निवड केली, कोठे स्वतःचे डोके चालवले, हे ते शोधते, आणि ती निवड फार प्रतिभावान असावी असाही त्याचा आग्रह नसतो. किमान सर्जकता पुरते.

दुसरे गृहीतक असे की जे तुम्ही प्रथम उजेडात आणले, ते तुमचे झाले. येथे १९७८ चा आर. जी. आनंद यांचा खटला आजही पायाभूत मानला जातो. आनंद यांनी प्रांतीयतेच्या प्रश्नावर 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले होते. पंजाबी आणि मद्रासी अशी दोन शेजारी कुटुंबे आणि त्यांच्या मुलांचे प्रेम, असा त्याचा विषय होता. चित्रपटाच्या दिग्दर्शकांनी ते नाटक खुद्द लेखकाकडून वाचून घेतले होते, आणि १९५६ मध्ये त्याच विषयावर 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. तुमच्या प्रकरणाशी साम्य उघड आहे: प्रतिवादी लेखकाला भेटून गेला होता, सामग्री त्याला ठाऊक होती, विषय तोच होता. तरीही आनंद हरले. कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा आख्यायिकेतील तथ्ये यांवर कॉपीराइट नसतो, असे न्यायालयाने त्या निकालात पहिल्याच सूत्रात नोंदवले. हक्क असतो तो त्यांच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. पाहायचे ते एवढेच की दोन्ही कृती वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या मनावर 'ही त्याची नक्कल आहे' असा ठसा निर्विवाद उमटतो की नाही.

कादंबरीकाराने संशोधकाचे तथ्य उचलल्याचा सर्वांत गाजलेला दावा लंडनमध्ये २००६ साली चालला. मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी येशूच्या वंशाविषयी १९८२ साली एक इतिहासग्रंथ म्हणून पुस्तक लिहिले होते. 'द दा विंची कोड' या डॅन ब्राउन यांच्या कादंबरीने त्याचा गाभाच पळवला, असे त्यांचे म्हणणे होते. कादंबरीकाराने ते पुस्तक वापरले होते, हे दिसतच होते. पण 'गाभा' म्हणून त्यांनी जे मांडले, ती इतकी सर्वसाधारण पातळीवरची विधाने होती की ती कोणाचीही मालकी होऊ शकत नाहीत, असे ठरले आणि पुढील वर्षी अपिलातही ते हरले. प्रतिपक्षाच्या खर्चाचा मोठा भाग त्यांच्या अंगावर आला. (न्यायमूर्तींनी निकालपत्रातील काही अक्षरे तिरकी छापून त्यात स्वतःचे एक कोडे लपवले होते. वादींना ती गंमत कितपत रुचली असेल, कोणास ठाऊक.)

हा नियम कठोर आहे, पण तो तुमच्यासाठीही आहे. तुमच्या पुस्तकात छापील साधनग्रंथांचे दाखले असतीलच. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली, ती पुढच्या अभ्यासकांनी वापरावीत म्हणून. प्रत्येक तारखेवर आणि प्रत्येक नावावर पहिल्या शोधकाची मालकी बसली असती, तर तुम्हाला तुमच्या पुस्तकाचे पहिले प्रकरणही परवानगीवाचून लिहिता आले नसते.

येथे मला तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे, आणि त्याचे उत्तर वकिलांकडे जाण्यापूर्वी स्वतःशी द्यावे. निवाड्याच्या कागदात जे नाही, असे काही तुम्ही त्या तंट्यात भरले आहे का? धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या शाखेतील, विधवेचे मनोगत, दोन भावांमधला संवाद, तंट्याचा निवाडा करणाऱ्या गोतसभेतली कुजबुज? ते तुमच्या कल्पनेतून आले असेल, तर ती खरी सर्जकता आहे आणि कादंबरीत ते जसेच्या तसे आले असेल तर तुमची बाजू भक्कम व्हायला हवी. पण तुम्ही पुस्तकाला इतिहास म्हटले आहे. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०२० साली, 'जर्सी बॉइज' या संगीतिकेच्या वादात, असे ठरवले की लेखकाने जे सत्य म्हणून वाचकांपुढे ठेवले, ते खटल्यात अडचण आल्यावर 'ते तर माझे काल्पनिक होते' म्हणून परत घेता येत नाही. हा निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही. तरी समोरचे वकील हाच युक्तिवाद करतील, आणि तो न्यायाधीशांना पटण्याजोगा आहे. इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच, जेथे कागद संपतो आणि आपला अंदाज सुरू होतो, ती जागा मजकुरात स्पष्ट सांगितली पाहिजे. इतिहासाच्या शिस्तीसाठी ते आवश्यक आहेच. कायद्याच्या दृष्टीनेही ते हिताचे ठरते.

आता तुमची लिप्यंतरांची वही. या संबंध प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच आहे. मोडी कागद बालबोधीत उतरवणे म्हणजे केवळ लिपी बदलणे, त्यात नवे काय, असे प्रतिवादी म्हणतील. आणि स्वच्छ, पूर्ण, सहज वाचता येणाऱ्या कागदाच्या बाबतीत ते बहुधा बरोबर ठरतील. पण ज्याने मोडी वाचली आहे, त्याला ठाऊक असते की कागद क्वचितच असा असतो. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, 'मा।र' सारखे संक्षेप, कसरीने खाल्लेल्या ओळी. तेथे काय असावे हे वाचणारा स्वतःच्या अभ्यासावर ठरवतो. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांबाबत नेमका हाच प्रश्न इस्रायलमध्ये आला होता. एलिशा किमरॉन यांनी एका प्राचीन हिब्रू मजकुराचे अनेक तुकडे अनेक वर्षे खपून जुळवले आणि मधली गळलेली वाक्ये आपल्या भाषाज्ञानाच्या बळावर भरून काढली. तो पुनर्रचित पाठ अमेरिकेतील एका प्रकाशनाने त्यांचे नाव न घेता छापला. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निकाल दिला की मूळ तुकडे किमरॉन यांचे नाहीत, पण त्यांची जुळणी आणि भरलेल्या जागा मिळून तयार झालेला पाठ ही त्यांची साहित्यकृती आहे, आणि नुकसानभरपाईही देववली. या निकालावर टीकाही बरीच झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाचे शब्द शोधून काढल्याचा दावा करणारा संशोधक त्याच शब्दांचा लेखक कसा ठरतो, हा आक्षेप मलाही वजनदार वाटतो. तरी ईस्टर्न बुकच्या खटल्यातील विवेकाची कसोटी लावली, तर तुमच्या वहीतील फाटक्या कागदांच्या पाठाविषयी, विरामचिन्हांविषयी आणि टिपांविषयी आपल्या न्यायालयापुढे गंभीरपणे मांडण्यासारखे काहीतरी निश्चित आहे.

आणि त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. मूळ कागद पुन्हा काढा आणि तुम्ही कोठे चुकीचे वाचले आहे ते शोधा. एखाद्या गावाचे नाव चुकले असेल, एखादा आकडा घसरला असेल, हिजरी सनाचे इसवीत रूपांतर करताना एका वर्षाचा फरक पडला असेल. तीच चूक कादंबरीत असेल, तर लेखकाने मूळ कागद न पाहता तुमची वही समोर ठेवूनच लिहिले, हे सिद्ध करणारा त्याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. चूक हा संरक्षित मजकूर नव्हे. पण नक्कल झाली का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ती देते.

ओव्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. परंपरेने चालत आलेली ओवी तुम्ही उतरवून घेतल्याने तुमची होत नाही. मुंबईतून निघून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालयापर्यंत, गेलेला, १९२३ साली निकालात निघालेला मॅकमिलन विरुद्ध कूपर हा खटला येथे उपयोगी आहे. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून अलेक्झांडरचे चरित्र शाळांसाठी उतारे निवडून छापले होते आणि मुंबईच्या कूपर कंपनीने तसेच पुस्तक काढले. प्रिव्ही कौन्सिलने निवडलेल्या उताऱ्यांवर मॅकमिलनचा हक्क नाकारला, पण त्या पुस्तकातील टिपांवर तो मान्य केला. तुमच्या पुस्तकातही न्यायालय बहुधा असेच चाळेल: ओव्या खाली पडतील, आणि त्या कोणत्या क्रमाने व कोणत्या विषयांखाली लावल्या त्यामागची निवड, तसेच त्यांवरचे तुमचे विवेचन वर राहील. कादंबरीत ओव्यांचा क्रमही तोच असेल, तर तेवढे नोंदवून ठेवा.

पण येथेच एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. त्या बायकांपैकी कोणी स्वतः ओवी रचली असेल, तर तिच्यावर हक्क त्या बाईचा, आणि तिच्या पश्चात साठ वर्षे तिच्या वारसांचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर गोळा केलेल्या, आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर असलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत गाणारीचे आणि गावाचे नाव नोंदलेले आढळते. तुमच्या पुस्तकात ती नावे आहेत का? पत्रावरून ते समजत नाही. नसतील, तर ऋणनिर्देशाची मागणी करणाऱ्या पत्राला प्रकाशक पहिले उत्तर काय देतील, याचा विचार करावा.

आता ते चार परिच्छेद. जत्रेची पहाट हा विषय कोणाचाही आहे. पालखी, गुलाल, थंडी, दीपमाळ, हे सारे कोणत्याही लेखकाच्या वर्णनात येणारच, आणि अशा अपरिहार्य तपशिलांना न्यायालय बाजूला ठेवते. तुमचे आहे ते वाक्यांचे वळण, उपमा, कोणत्या तपशिलानंतर कोणता आला हा क्रम. दोन रकान्यांत दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहा, समान शब्दांखाली रेघ ओढा, आणि ही तुलना तुमची भाची किंवा शाळेतला जुना सहकारी अशा, प्रकरण माहीत नसलेल्या वाचकाला दाखवा. चारशे पानांच्या कादंबरीत दोन पाने म्हणजे नगण्य, असा बचाव होईल, पण प्रमाण केवळ पानांनी मोजले जात नाही. घेतलेला भाग तुमच्या लेखनात किती मोलाचा होता, हेही पाहिले जाते. समीक्षा किंवा परीक्षणासाठी घेतलेल्या अवतरणाला कायदा मोकळीक देतो, पण नाव न देता कथनात मिसळलेला उतारा त्या सवलतीत बसवणे अवघड आहे. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या लेखनाचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, आर्थिक हक्क विकले असले तरीही. श्रेयाची तुमची मागणी कायद्याच्या भाषेत बसते ती या चार परिच्छेदांपुरती, आणि फार तर वहीपुरती. बाकीच्या संशोधनाचे श्रेय देणे हे लेखकाचे नैतिक कर्तव्य आहे. ते त्याने पाळले नाही, हे वाईट आहे, परंतु त्यासाठी मनाई हुकूम मिळणार नाही.

न छापलेली वही दिल्याचा एक वेगळा मुद्दाही उभा राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या खटल्यात, वाहिनीपुढे विश्वासाने मांडलेल्या मालिकेच्या संकल्पनेला गोपनीयतेच्या तत्त्वावरही संरक्षण दिले होते, म्हणजे जी केवळ 'कल्पना' म्हणून कॉपीराइटमधून निसटू शकते, तिलाही. पण त्यासाठी माहिती कोणती हे नेमके दाखवावे लागते, ती गुप्त होती आणि विश्वासाच्या अटीवर दिली होती हे सिद्ध करावे लागते. तुम्ही वही देताना काय बोललात? नंतर फोनवर, व्हॉट्सॲपवर काही लिहिले का? 'वापरा, पण माझे पुस्तक येईपर्यंत छापू नका' एवढा एक संदेश असला तरी तो जपून ठेवा. चहा देता देता काहीच न ठरवता वही हाती दिली असेल, तर या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. इतरांनाही हेच सांगेन: अप्रकाशित सामग्री देताना दोन ओळींचा ईमेल पाठवायला संकोच वाटू देऊ नये.

गावकऱ्यांचा सल्ला कायद्याला धरून आहे, पण शहाणपणाचा नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षे शिक्षा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे. परंतु जेथे साहित्यातील बारीक तुलना करायची आहे, तेथे पोलीस ठाणे ही जागा नव्हे. फेसबुकवर 'चोरी' हा शब्द लिहिण्याआधीही थांबा. अब्रुनुकसानीचा दावा उलटू शकतो. निराधार धमकीची नोटीस दिल्यास समोरच्याला कलम ६० खाली तुमच्यावरच दावा लावता येतो, म्हणून नोटिशीत संपूर्ण कादंबरीवर हक्क सांगू नका. दिवाणी दाव्यासाठी मुंबई-पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत, कारण कलम ६२ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा दाखल करता येतो. दाव्याचे मूल्य तीन लाखांपासून पुढे असेल आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीतून जावे लागते. तुमच्यासारख्या प्रकरणात ती अट मला उपकारकच वाटते. मुदत साधारण तीन वर्षांची आहे. पुस्तकाची नोंदणी केलेली नाही म्हणून घाबरू नका. नोंदणी ही हक्काची अट नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र तुमच्या मुद्रकाशी किंवा वितरकाशी केलेल्या करारात हक्क कोणाकडे ठेवले आहेत, ते आधी वाचा.

मुलाचा सल्ला आणि गावाचा सल्ला, यांच्यामध्ये मला एक मार्ग दिसतो. प्रकाशकांना वकिलामार्फत, पण नोटिशीच्या भाषेत नव्हे, एक पत्र पाठवा. त्यात 'इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो' हे त्यांचे विधान मान्य करा, आणि मग दोन रकान्यांची ती तुलना जोडा. मागण्या तीन असाव्यात: पुढील आवृत्तीत ते चार परिच्छेद काढावेत किंवा परवानगी घेऊन मोबदला द्यावा, ऋणनिर्देशात तुमच्या पुस्तकाचे व वहीचे नाव यावे, आणि ई-आवृत्तीत हा बदल लगेच व्हावा. उत्तरासाठी तीस दिवस द्या. प्रतिष्ठित प्रकाशक सहसा येथेच मिटवतात, कारण चार परिच्छेदांसाठी विक्रीवर स्थगिती येण्याचा धोका त्यांना परवडत नाही. उत्तर आलेच नाही, तर दावा त्या चार परिच्छेदांपुरता आणि वहीतील पुनर्रचित पाठांपुरता मर्यादित ठेवा. तंट्याची कथा त्यात ओढली, तर भक्कम भागही तिच्याबरोबर कमकुवत दिसू लागेल.

पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत असताना वही छापायच्या तयारीला लागा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे निवडक कागद टिपांसह पाठवता येतील. प्रत्येक कागदाखाली मूळ प्रत कोणाच्या घरी आहे, कोठे वाचन संशयास्पद आहे आणि कोणते शब्द तुम्ही कंसात भरले आहेत, हे लिहा. आणि ओव्यांच्या दुसऱ्या आवृत्तीत गाणाऱ्या बायकांची नावे, त्यांच्या किंवा घरच्यांच्या संमतीने, प्रत्येक ओवीखाली द्या.